लोदमधला कढीलिंब

संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा. असलं काही काम असतं हेच लोकांना ठाऊक नाही." खरं आहे ते. लग्नाकार्यात कोणी विचारलं तर मी "बुरशीवर काम करतो" म्हणतो. समोरचा हसतो, "म्हणजे पावावरची?" मी हो म्हणून विषय संपवतो. खरं उत्तर असं, की मेलेल्या काटक्यांवर उगवणाऱ्या, नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या बुरश्या मी ओळखतो. गेली वीस वर्षं दुसरं काही केलेलं नाही.

गमती सांगेन. पण एक गोष्ट गंमत नाही, आणि ती सांगायची नसेल तर बाकीच्या सांगण्यात मला रस नाही.

आधी काम समजून घ्या. वाळलेली काटकी हातात घेऊन तिच्या सालीवरून बोट फिरवा. पुष्कळदा रवा सांडल्यासारखं खरखरीत लागतं. ती खरखर म्हणजे बारीक काळ्या कुप्या, सालीत रुतून बसलेल्या. प्रत्येक कुपीत बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिचं बियाणं. काटकी काचेच्या बशीत ओल्या टिपकागदावर ठेवायची, झाकायची आणि दोन-तीन दिवस गप्प बसायचं. ओल लागली की कुप्या फुगतात. मग दाढीच्या पात्याने पातळ काप घ्यायचा, काचपट्टीवर एका थेंबात ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचा आकार, रंग, शेपटी, आवरण बघायचं. पन्नास बीजाणू मोजल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असं पुण्यातले आमचे सर सांगायचे.

बाहेरच्या माणसाला एकच गोष्ट समजली तरी पुरे. मेलेल्या काटकीवर सापडलेली बुरशी बहुतेक वेळा मारेकरी नसते. ती मयताला आलेली असते आणि जेवायला थांबलेली असते. कधीकधी मारेकरीही त्याच गर्दीत उभा असतो आणि दोघांचे कपडे सारखेच असतात. त्याला गर्दीतून वेगळा काढायचा आणि ज्याने काही केलं नाही त्याच्याकडे बोट दाखवायचं नाही, एवढीच आमची विद्या.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी दोन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर इस्राएलला गेलो. एका सरकारी केंद्राच्या वनस्पतिरोग प्रयोगशाळेत माझं टेबल होतं. आमचा प्रमुख इलान. सँडल घालून कामावर येणारा, वाईट बातमीही टोमॅटो खाता खाता सांगणारा माणूस. दुसरी तानिया. पन्नाशी उलटलेली रशियन बाई. ती ताश्कंदमध्ये याच विषयात मोठ्या हुद्द्यावर होती असं सगळे म्हणत, पण सोव्हिएत देश मोडल्यावर इथे आली तेव्हा तिला मिळालेलं काम बाटल्या धुण्याचं आणि बुरशी वाढवायचं खाद्य शिजवण्याचं. तिची हिब्रू माझ्याइतकीच मोडकी. आम्ही दोघं एकमेकांशी लहान मुलांसारखं बोलायचो: हे घे, ते दे, चांगलं, वाईट.

लोक थेट प्रयोगशाळेत येत. एकदा वाळवंटातल्या अरादहून एक बाई तीन बस बदलून आल्या. रुमालात गुंडाळलेली डाळिंबाची वाळकी काडी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

"शेजाऱ्याने विष घातलंय. तसं लिहून द्या."

मी दोन दिवसांनी या म्हटलं. दोन दिवस बघितलं. सगळी जेवायला आलेली मंडळी होती. बाई पुन्हा आल्या तेव्हा सांगितलं, "ही बुरशी झाड मेल्यावर आलीये."

"मग मारलं कोणी?"

"माहीत नाही. पाणी कमी पडलं असेल."

"पाणी कमी? मी रोज घालते!"

मागे तानिया बाटल्या पुसत होती. तिने मान न वळवता विचारलं, "कुठलं पाणी?"

बाई म्हणाल्या, "फरशी पुसल्यावर उरतं ते. वाळवंटात राहतो आम्ही. बादलीभर पाणी फेकून देऊ?"

"फरशीला काय टाकता?"

"ब्लीच. म्हणजे काय, फरशी स्वच्छ नको?"

बाई गेल्यावर इलान डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. तानिया हसली नाही. ती मला म्हणाली, "काडी नंतर. आधी जमीन बघ." मी मान डोलावली, आणि विसरलो.

रिबेका मावशी भेटल्या त्या विमानतळाजवळच्या लोद गावात, भारतीय किराणा मिळतो त्या दुकानात. मी पुण्याला फोनवर बोलत होतो. मागून आवाज आला, "काय रे, कुठला तू? रायगडचा नाय वाटत, तोंडावरून पुण्याचा दिसतोस." वळून पाहिलं तर डोक्याला रुमाल बांधलेली, जाड चष्म्याची ठेंगणी बाई, हातात कोकमाची पिशवी. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या बेने इस्राएल समाजातली. पंचविशीत रेवदंड्याहून मुंबई आणि मुंबईहून लोदला आलेली. नवरा विमानतळावर सामान चढवायचा. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. ती स्वतः विमानतळाच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरून निवृत्त झालेली. मुलगी ओर्ली शेजारच्याच इमारतीत. आई मराठीत विचारी, लेक हिब्रूत उत्तर देई.

"हिला समजतं सगळं," मावशी म्हणायच्या, "पन जीभ वळत नाय. माझी मराठी माझ्याबरोबर जानार बघ. म्हनून तुझ्याशी बोलते. सरकारी लोकांशी, डाक्तरशी, बँकेत मी हिब्रू बोलते. आपल्या मान्साशी मराठी."

तेव्हापासून शुक्रवारी दुपारी, सूर्यास्ताला शाबाथ म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस लागायच्या आत, मी त्यांच्याकडे जेवायला जाऊ लागलो. नारळाच्या दुधातली मासळी, आमटी, भात. आमटीच्या फोडणीचा वास खालच्या जिन्यापर्यंत यायचा, कारण मावशींकडे कढीलिंबाचं झाड होतं. इमारतीला लागून मातीची एक पट्टी होती, तिच्यात वाढून ते पहिल्या मजल्याच्या सज्जाच्या वर गेलं होतं. लोदमधल्या सगळ्या बेने इस्राएल घरांची फोडणी त्या झाडावर चाले. अश्दोदहून लोक बसने येऊन पिशव्या भरून नेत. कात्री लावायची नाही, हाताने खुडायचं, हा मावशींचा नियम. समाजात नवस फेडायला एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचा मलिदा करतात: गोड पोह्यांचं ताट, वर फळं आणि काहीतरी सुवासिक पानं, जी हुंगून आशीर्वचन म्हणायचं. इतर घरी सबजा किंवा पुदिना ठेवत. मावशी आपल्या झाडाचा तुरा ठेवायच्या.

"आनलं कुठून हे?" मी एकदा त्यांच्याच ठेक्यात विचारलं.

त्या हसल्या. "तुझ्या काकांच्या बहिनीने. डब्यात, ओल्या फडक्यात, चपात्यांच्या खाली कोंब. एअरपोर्टवर हेच उभे होते ना! कोनाला सांगू नको हां."

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात झाडाची एक बाजू वाळली. फक्त रस्त्याकडची. मावशी काळजीत पडल्या. "तू झाडांचा डाक्तर ना? मग बघ की. माझ्या मान्सासारखं आहे ते."

मी चार काटक्या कागदी पाकिटात घालून आणल्या.

त्या आठवड्यात माझं काय चाललं होतं तेही सांगायला हवं. माझी दोन वर्षं संपत आली होती. तिसरं वर्ष मिळणार की नाही हे त्याच गुरुवारी बैठकीत ठरणार होतं, आणि दाखवायला माझ्याकडे जेवायला आलेल्या मंडळींच्या याद्यांपलीकडे काही नव्हतं. इलान म्हणाला होता, "तू काळजीपूर्वक काम करतोस. पण काळजीपूर्वक काम करणारे पुष्कळ आहेत."

काटक्यांवर काळ्या कुप्या होत्या. मी काप घेतला, सवयीप्रमाणे निळ्या रंगाच्या थेंबात ठेवला. पुण्यात आम्हाला तेच शिकवलं होतं. त्या द्रावणाने बीजाणू स्वच्छ दिसतात आणि काचपट्टी महिनोन्महिने टिकते. पाण्याचा थेंब अर्ध्या तासात वाळतो, म्हणून पाणी म्हणजे कच्च्या माणसाचं काम. भिंगाखाली थेंबाच्या आकाराचे रंगहीन बीजाणू दिसले, टोकाला बारीकशी शेपटी. संत्र्यावर काळे ठिपके पाडणाऱ्या रोगाची बुरशी अशीच दिसते. तो रोग त्या देशात नव्हता, आणि येऊ नये म्हणून बंदरावर, विमानतळावर माणसं बसवलेली होती. कढीलिंब हा संत्र्या-लिंबाच्याच कुळातला.

या बुरशीची एक जुळी बहीण आहे. ती कशालाच अपाय करत नाही. जगभर कितीतरी झाडांत गुपचूप राहते आणि फांदी मेली की वर येते. तेव्हा दोघींना पुष्कळ ठिकाणी एकाच नावाने ओळखत. फरक ओळखायच्या खुणा दोन. निरुपद्रवी बहिणीच्या बीजाणूभोवती जाड, चिकट आवरण असतं, रोगवालीच्या भोवती अगदी पातळ. आणि ओटच्या खाद्यावर वाढवली तर रोगवाली भोवती पिवळा रंग सोडते, दुसरी सोडत नाही. आवरण ताज्या पाण्याच्या थेंबात दिसतं. निळ्या द्रावणात ते नाहीसं होतं, दोघी उघड्याच दिसतात. हे सगळं मी वाचलं होतं. आठवत नव्हतं असं म्हणणार नाही.

तानिया माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिने विचारलं, "मी बघू?" आणि बघितलं. बराच वेळ.

"निळ्यात आहे," ती म्हणाली. "पाण्यात बघ. आणि ओट. दहा दिवस थांब."

"गुरुवारी बैठक आहे."

"बुरशीला गुरुवार माहीत नाही."

त्यावर मी जे बोललो ते शब्द मला अजून हिब्रूतच ऐकू येतात. मी म्हणालो, "तानिया, तू खाद्य शिजव. ओळखायचं काम माझं आहे."

तिने भिंगावरून डोळा काढला, हात पुसले आणि गेली.

इलानच्या खोलीत मी काचपट्टी नेली. त्याने एक नजर टाकली. "बातुआख?" म्हणजे, खात्री आहे?

"मेआ अखूज." शंभर टक्के.

अहवालाच्या फॉर्मवर एक रकाना होता: झाड कुठून आलं. मी लिहिलं, भारतातून, बेकायदा, कोंब स्वरूपात. तो रकाना रिकामा सोडता आला असता. पण माझा शोध त्या एका ओळीने पक्का दिसत होता. सही केली. अहवाल त्याच दिवशी वनस्पती-तपासणीच्या कार्यालयात गेला आणि गुरुवारी बैठकीत इलानने तो वाचून दाखवला. माझं तिसरं वर्ष मंजूर झालं.

झाड काढायचा दिवस ठरला तो दोन आठवड्यांनंतरचा. आदल्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर एक काचेची बशी होती आणि शेजारी ताजी काचपट्टी. त्याच काटक्यांतली बुरशी तानियाने न विचारता ओटच्या खाद्यावर लावली होती. बशीत गडद, जवळजवळ काळी वाढ. भोवतीचं खाद्य स्वच्छ. पिवळं काही नाही. मी काचपट्टी भिंगाखाली सरकवली. पाण्याच्या थेंबात एकेका बीजाणूभोवती काचेच्या गोट्यासारखं जाड, सुंदर आवरण चमकत होतं. लपायला जागाच नव्हती.

तानिया दारात उभी होती. "फोन कर," ती म्हणाली.

"एका बशीवरून काही सिद्ध होत नाही," मी म्हणालो.

"तुझ्या एका निळ्या थेंबावरून झालं."

"उद्या बघतो."

"उद्या झाड नसेल. मी फोन केला तर म्हणतील, बाटल्या धुणारी बोलते. तू कर."

मी तो फोन केला नाही. त्याची कारणं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो आहे: एकच बशी होती, खात्री करायला हवी होती, देशाच्या बागांचा प्रश्न होता. खरं कारण लहान आहे. इलानच्या खोलीत जाऊन "मी चुकलो" एवढं म्हणायचं होतं आणि ते मला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी लोदला पांढऱ्या कपड्यांतली चार माणसं आली. मलाही बोलावलं होतं. शेजारी तळमजल्यावरच्या जॉर्जियन म्हाताऱ्याचं लिंबाचं झाड होतं, तेही काढायचं ठरलं, तेव्हा तो काठी घेऊन आडवा उभा राहिला. अधिकारी कागद वाचत होता. "भारतातून आणलेलं" या शब्दांवर मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलतील. त्या म्हणाल्या, "बरं केलंस. सरकारी कागदावर खोटं कशाला?"

मग त्यांनी हिब्रूत अधिकाऱ्याला थांबवलं आणि माझा दंड धरला. "हा आपला मानूस. हा सांगेल. सांग रे, हे बोलतात ते खरं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या आणि त्यांच्यामधली ती भाषा तिथे दुसऱ्या कोणाला कळत नव्हती. त्या एका वाक्यात मी झाड वाचवू शकत होतो.

"हो मावशी," मी म्हणालो. "खरं आहे."

"तू स्वतः बघितलंस?"

"बघितलं."

"मग काढू दे." त्या जॉर्जियन म्हाताऱ्याकडे गेल्या, त्याला समजावलं, शिकलेला मुलगा आहे, त्याने डोळ्यांनी बघितलंय म्हणून. म्हाताऱ्याने काठी खाली घेतली. मग त्या वर गेल्या आणि त्या चार माणसांसाठी थंड पाणी घेऊन आल्या.

करवत चालू झाली तेव्हा पहिल्या मजल्यापर्यंत फोडणीचा वास पसरला. मी मान खाली घातली आणि तेव्हा मला दिसलं. झाडाच्या रस्त्याकडच्या बाजूने, बुंध्यापासून हातभर अंतरावर, नव्या डांबराची सरळ काळी पट्टी गेली होती. केबल टाकायला उन्हाळ्यात चर खणला होता. त्या बाजूची मुळं तुटली होती आणि त्याच बाजूच्या फांद्या वाळल्या होत्या. कित्येक शुक्रवार मी ती पट्टी ओलांडून जेवायला गेलो होतो. काडी नंतर, आधी जमीन बघ.

माझं तिसरं वर्ष मंजूर झालं याचा मावशींना आनंद झाला. त्यांनी माझ्यासाठी नवस बोलला होता, मला न सांगता. मलिदा केला. ताटात पोहे, खजूर, केळी, आणि वर दुकानातला पुदिना. पुदिना हातात देताना त्या म्हणाल्या, "याला वास आहे, पन तो नाय." मी हुंगला. सगळ्यांबरोबर आमेन म्हटलं. तो गोड घास मी गिळला कसा, हे मला अजून कळलेलं नाही. पण गिळला, आणि दुसऱ्यांदा वाढला तोही.

बुरशीचा नमुना इलानने नियमाप्रमाणे परदेशी तपासणीला पाठवला होता. पाच महिन्यांनी उत्तर आलं: निरुपद्रवी. मला वाटलं इलान ओरडेल. तो टोमॅटो खात होता. म्हणाला, "नू, खबरदारी घेतली. खबरदारीला कोणी चूक म्हणत नाही." फाइल बंद झाली. माझ्या नावापुढे लाल शाईचा ठिपकासुद्धा पडला नाही. शिक्षा झाली असती तर बरं झालं असतं, असं म्हणणं सोपं आहे. त्या दिवशी मला हायसं वाटलं होतं.

त्या शुक्रवारी सगळं सांगायचं ठरवून मी लोदला गेलो. मावशी दारातच म्हणाल्या, "आलास? ऐक. काल अश्दोदला गेले होते. ननंदेकडे झाड होतं, तिच्या शेजारनीकडे, आनि तिच्या भाच्याकडे. तिन्ही काढायला लावली. ननंद रडत होती. मी म्हटलं, रडतेस काय, इथल्या संत्र्यांनी आपल्याला पोसलं, त्यांना आपल्या फोडनीपायी रोग लावायचा? आपला डाक्तर बोललाय." त्यांनी आमटी वाढली. "आंधळी आमटी आहे हां. कढीलिंबाशिवाय आमटीला डोळे नसतात."

तिघांची झाडं आता गेलीच होती, आता सांगून काय होणार, असा विचार करून मी जेवलो. त्यानंतर प्रत्येक शुक्रवारी हाच विचार केला. वर्ष संपलं आणि मी परत आलो.

निघताना तानियाने मला एक छोटी ड्रॉपरची बाटली दिली. वर तिच्या अक्षरात हिब्रूत एकच शब्द: पाणी. ती हसली नव्हती आणि रागावलेलीही नव्हती. बाटली माझ्या टेबलावर आहे. विद्यार्थी विचारतात, सर, हे काय लिहिलंय? मी सांगतो. एवढ्यासाठी चिठ्ठी कशाला, म्हणून ते हसतात. पहिली काचपट्टी पाण्यातच, हा नियम मी त्यांच्याकडून घोटून घेतो. नियम कुठून आला हे कोणाला सांगितलं नाही. पुण्यात मला या विषयातला जाणकार म्हणतात. माझ्या माहितीपत्रकात इस्राएलची तीन वर्षं पहिल्याच ओळीत आहेत.

दोन वर्षांपूर्वी एका परिषदेसाठी पुन्हा तिकडे जाणं झालं. शुक्रवार मोकळा होता. ओर्लीला फोन केला. ती हिब्रूत म्हणाली, आई आहे, पायांनी थकलीये, पण या, खूश होईल.

मावशी सज्जात खुर्चीवर बसल्या होत्या. चष्मा आणखी जाड झाला होता. मला पाहून दोन्ही हात पसरले. "अरे, माझा डाक्तर! किती वाळलास. बायको जेवायला घालत नाय?" चहा झाला. मग त्यांनी मला सज्जाच्या कठड्याशी नेलं आणि खाली बोट दाखवलं. मातीची पट्टी उघडी होती.

"बघ. एक कोंब नाय."

मला कळलं नाही.

"खोडाची मुळं राहिली होती ना कुठेकुठे. पावसाळा झाला की कोंब फुटतात. दहा वर्षं होत आली, दरवर्षी फुटतात. मी जाते आनि उपटते. आता वाकवत नाय तर स्टूल नेते खाली. ओर्ली बोलते, आई, राहू दे एखादा, कोन बघतंय? मी बोलते, नाय. त्याने सांगितलंय. आज सकाळीच एक काढला." त्यांनी तळहात माझ्या नाकाशी धरला. "बघ, वास येतोय अजून."

येत होता.

मी सांगितलं. तिथेच, कठड्याला धरून. निळा थेंब, पाण्याचा थेंब, जुळी बहीण, डांबराची पट्टी. मी भराभर बोलत होतो आणि त्या ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही अंदाज येत नव्हता. माझं संपलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

"तुला कळलं कधी?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. पाच महिन्यांनी, परदेशातून पत्र आलं तेव्हा, असं म्हणता आलं असतं. तेही कागदोपत्री खरंच होतं.

"आदल्या दिवशी," मी म्हणालो. "झाड काढायच्या आदल्या दिवशी."

त्यांनी हात मागे घेतला. पदर नसतो त्यांच्या कपड्यांना, पण पदराला पुसावा तसा तो मांडीवर पुसला. रस्त्यावर शाबाथच्या खरेदीची गडबड चालू होती. मग चष्मा सारखा केला आणि माझ्याकडे न बघता, सावकाश, स्पष्ट शब्दांत म्हणाल्या, "तोदा शेबाता."

आल्याबद्दल आभारी आहे. हिब्रूत. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी पहिल्यांदा हिब्रू बोलल्या.

"मावशी," मी म्हणालो.

"शाबाथ शालोम," त्या म्हणाल्या, आणि ओर्लीला हाक मारली, पाहुण्यांना दारापर्यंत सोड म्हणून. तेही हिब्रूत.

खाली उतरलो. मातीच्या पट्टीच्या कडेला सकाळी उपटलेला कोंब पडला होता, वीतभर, पानं आताच मलूल झालेली. इतक्या वर्षांच्या सवयीने माझा हात खिशातल्या कागदी पाकिटाकडे गेला. पाकीट काढलं, आणि तसंच परत ठेवलं. थोड्या दिवसांनी तो वाळेल आणि त्याच्यावर बारीक काळे ठिपके येतील. ते जेवायला आलेल्यांचे असतील. मारेकरी कोण, ते सांगायला त्या काडीला भिंगाखाली धरायची गरज नाही.